व्रणबंध आणि अवपीडन : रक्तस्राव रोखणाऱ्या पट्टीच्या इतिहासाची एक बाजू

मुंबईहून देशावर जाणाऱ्या जुन्या वाटेवरील पनवेल हे पहिले मोठे ठाणे होय. खाडीतून आलेला माल आणि माणूस येथे उतरत असे व कर्नाळ्याच्या सुळक्याच्या नजरेखालून बोरघाटाची वाट धरीत असे. व्यापार ज्या वाटेने गेला त्याच वाटेने फौजाही गेल्या. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेली इंग्रज फौज पनवेलीस उतरून घाट चढली व जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे तिला मराठ्यांशी तह करावा लागला. पुढे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथर याने कर्नाळा घेतला. या दोन घटनांच्या दरम्यान आणि त्यांच्या मागेपुढे या वाटेवर किती जखमी वाहून नेले गेले असतील याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही. लढाई कोणी जिंकली हे बखरी व खलिते सांगतात. वाहते रक्त कोणी, कशाने व कसे थांबविले हे ते क्वचितच सांगतात.

याच पनवेलीत १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. जुन्या ग्रंथांतील काढे, भस्मे, आसवे व गुटिका त्यामुळे बाटलीत व डबीत बंद होऊन दूरदूरच्या वैद्यांपर्यंत पोचल्या. आयुर्वेदाचे औषधरूप असे टिकले व वाढले. परंतु त्याच ग्रंथांत शल्यतंत्राचे जे दुसरे अंग आहे, म्हणजे शस्त्र, यंत्र आणि बंध यांचे, ते व्यवहारातून पूर्वीच मागे पडले होते. द्रव्य कुटून ठेवता येते. हाताची क्रिया गुरूकडून शिष्याने पाहून उचलावी लागते, आणि ती परंपरा तुटली की ग्रंथात केवळ शब्द उरतात. गंभीर रक्तस्रावावर कोणती पट्टी निवडावी हा प्रश्न आज रणोपचारात पुन्हा अग्रभागी आला असता, त्या उरलेल्या शब्दांकडे नव्याने पाहणे उपयुक्त ठरेल. पट्टीने जखम झाकणे आणि पट्टीने जखम दाबणे या दोन भिन्न क्रिया आहेत. या दोहोंतील भेद जेव्हा जेव्हा विसरला गेला तेव्हा तेव्हा त्याची किंमत जखमी माणसाने मोजली आहे, असे या इतिहासावरून दिसून येते.

१. शब्दांची साक्ष

मराठीत या विषयाचे शब्द तीन थरांतून आलेले आहेत. ‘व्रण’ व ‘बंध’ हे संस्कृतातून, ‘घाव’ हा प्राकृताच्या वाटेने, तर ‘जखम’ व ‘मलम’ हे फारसी संपर्कातून. ‘मलम’ हे मूळ ‘मरहम’ या शब्दाचे मराठी वळण होय. या थरांच्या सरमिसळीत अर्थही हलले. संस्कृतात ‘व्रण’ म्हणजे प्रत्यक्ष जखम. मराठी बोलीत ‘व्रण राहिला’ असे म्हटले की भरून आलेल्या जखमेची मागे राहिलेली खूण समजतात. सुश्रुतसंहितेतील ‘व्रणबंध’ हा शब्द वाचणाऱ्या आजच्या मराठी वाचकाच्या मनात त्यामुळे वाहत्या रक्ताचे चित्र उभेच राहत नाही.

‘पट्टी’ या शब्दाचे भाग्य याहून विचित्र आहे. ‘पट्ट’ म्हणजे वस्त्राचा लांबट तुकडा; त्यावरून पट्टी. परंतु मराठीत घरपट्टी व पाणीपट्टी हे कर आहेत, रेघा आखण्याची लाकडी पट्टी आहे, गायनात स्वराची पट्टी आहे, आणि जखमेवरचीही पट्टीच आहे. या शेवटच्या अर्थीसुद्धा शब्द एकच क्रिया सांगत नाही. मोडलेल्या हाडाला आधार देणारी लाकडी पट्टी, मलम धरून ठेवणारी कापडी पट्टी आणि रक्त रोखण्यासाठी आवळलेली पट्टी या तिन्हींना एकच नाव आहे. ‘मलमपट्टी’ या समासाने तर पट्टीला मलमाची दासी करून टाकले. आज हा शब्द वरवरच्या उपायासाठी लाक्षणिक अर्थाने वापरला जातो, यातच लोकमानसाने पट्टीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले ते स्पष्ट होते. पट्टी म्हणजे झाकण, अशी ही दृष्टी आहे.

लोककथेतही हेच दिसते. श्रीकृष्णाचे बोट कापले, चिंधी हवी होती. सुभद्रा मौल्यवान वस्त्रे फाडण्यास कचरली आणि द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून दिले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे व १९५३ च्या ‘श्यामची आई’ या चित्रपटातील गीताने ती घरोघर पोचली. कथेचा भर अर्थातच स्नेहावर आहे. परंतु पट्टीची निवड म्हणून पाहिले तर तीत प्रश्न फक्त वस्त्राचा आहे. ते कसे बांधले, किती आवळले, याला कथेत स्थान नाही. वैद्यकाचा प्रश्न नेमका तेथून सुरू होतो.

२. सुश्रुतसंहितेतील दोन अध्याय

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात या विषयाशी संबंध असलेले दोन अध्याय आहेत. चौदावा अध्याय रक्ताविषयी आहे. अठरावा व्रणावरील लेप व बंध यांविषयी. बहुतेक विवेचनांत अठराव्या अध्यायातील चौदा बंधांचीच यादी दिली जाते व तेवढ्यावर विषय संपतो. वास्तविक हे दोन अध्याय एकत्र ठेवून व त्यांतील भेद ओळखून वाचले पाहिजेत.

प्रथम अठरावा अध्याय घेऊ. त्यात कोश, दाम, स्वस्तिक, अनुवेल्लित, मुत्तोली, मंडल, स्थगिका, यमक, खट्वा, चीन, विबंध, वितान, गोफणा व पंचांगी असे चौदा बंध सांगितले आहेत. ही नावे कोणत्याही अवघड परिभाषेतून घेतलेली नाहीत. कोश म्हणजे म्यान, दाम म्हणजे दावे, खट्वा म्हणजे खाट, वितान म्हणजे छत, आणि गोफण तर आजही शेतकऱ्याच्या हाती आहे. शिष्याने घरात व शेतात पाहिलेल्या वस्तूच्या आकारावरून बंधाचा आकार लक्षात ठेवावा, असा हेतू स्पष्ट दिसतो. हातापायांसाठी अनुवेल्लित म्हणजे वेटोळे घेत जाणारा बंध, डोक्यासाठी वितान, पाठ, पोट व छाती यांसाठी विबंध, हनुवटी, नाक, ओठ व खांदा यांसाठी गोफणा, अशी स्थाने ठरवून दिलेली आहेत. बंधाच्या साहित्यात ताग-जवसाच्या जातीचे क्षौम, कापूस, लोकर, रेशीम, चामडे, झाडाची अंतर्साल, भोपळ्याचे कवच, वेल, दोरी इत्यादींचा समावेश आहे.

या यादीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो बंधाच्या ताणाचा विचार. संहितेने बंधाचे गाढ, सम व शिथिल असे तीन प्रकार केले आहेत. जो दाबतो परंतु वेदना करीत नाही तो गाढ. ज्यातून वारा खेळू शकतो तो शिथिल. या दोहोंच्या मधला तो सम. पैकी ‘शिथिल’ हा शब्द प्राकृतातून ‘ढिला’ या रूपाने मराठीत उतरला व अर्थासह टिकला. ‘गाढ’ मात्र झोपेपुरता व स्नेहापुरता उरला. आवळण्याचा अर्थ त्यातून निघून गेला. कुल्ले, कूस, काख, जांघ, मांडी व डोके येथे गाढ बंध. हातपाय, तोंड, कान, गळा, पाठ, बरगड्या, पोट व छाती येथे सम. डोळे व सांधे येथे शिथिल, अशी व्यवस्था संहितेने सांगितली आहे.

या व्यवस्थेची उपपत्ती संहितेने आपल्या दोषविचाराच्या चौकटीत दिलेली आहे, हे मान्य करूनही तिच्यामागील निरीक्षण दुर्लक्षिण्याजोगे नाही. पट्टीचा ताण तोच ठेवला तर मोठ्या घेराच्या अवयवावर दाब कमी पडतो व लहान घेराच्या अवयवावर अधिक पडतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. मनगटावर पुरेशी ठरणारी ओढ मांडीवर अपुरी पडते. मांडी व कुल्ले येथे गाढ बंध आणि इतर हातापायांवर सम बंध हा भेद या नियमाशी जुळतो. काख व जांघ येथे अडचण निराळी आहे: हे भाग खोलगट असल्यामुळे वरून गुंडाळलेली पट्टी पुलासारखी दोन कडांवर टेकते आणि मधल्या खळग्यावर दाबच पडत नाही. येथे जाड घडी भरून घट्ट बांधल्याखेरीज इलाज नाही.

तथापि अठराव्या अध्यायाचा मुख्य विषय रक्त थांबविणे हा नाही, तर थांबलेल्या रक्तानंतर जखम भरून येणे हा आहे. याचे बोलके गमक गाठीच्या नियमात आहे. गाठ जखमेवर येऊ देऊ नये, कारण ती बोचते, असे संहिता सांगते. जखम भरून येण्याच्या दृष्टीने हा नियम योग्यच आहे. पण रक्त वाहत असेल तर? याचे उत्तर चौदाव्या अध्यायात आहे. रक्त अति वाहू लागले असता लोध्र, ज्येष्ठमध, गेरू, राळ, शंख, शिंपला आणि उडीद, जव, गहू इत्यादींचे चूर्ण जखमेच्या तोंडावर हळूहळू टाकून बोटाच्या टोकाने दाबावे व मग बंधनद्रव्यांनी गाढ बांधावे, असा क्रम तेथे आहे. बोटाने दाबण्याच्या या क्रियेला संहितेचा शब्द ‘अवपीडन’ असा आहे. येथे स्थान पाहून गाढ, सम की शिथिल असा विकल्प उरत नाही. एकच आज्ञा आहे, ती गाढ बंधाची.

याच अध्यायात रक्त थांबविण्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन व दहन. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडे जुळविणे, गारव्याने रक्त थिजविणे, भस्माने व्रण पक्व करणे आणि शेवटी डाग देऊन वाहिनी आकसविणे असा हा क्रम असून दहन हा अखेरचा उपाय मानला आहे. सौम्य उपायांकडून उग्र उपायांकडे जाण्याची ही पायरी ध्यानात घेण्याजोगी आहे.

हे ज्ञान रणभूमीसाठीही होते, याला पुरावा आहे. सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायात सैन्यासह जाणाऱ्या वैद्याची कर्तव्ये असून त्याचा तंबू राजाच्या तंबूजवळ, दुरून ओळखू येईल असा ध्वज लावून असावा असे म्हटले आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात तर शस्त्रे, यंत्रे, औषधे, स्नेह आणि वस्त्रे हाती घेतलेले चिकित्सक सैन्याच्या पाठीशी उभे राहावेत असे विधान आहे. मुंबई विद्यापीठातर्फे प्रा. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केलेल्या आवृत्तीमुळे व भाषांतरामुळे हा ग्रंथ अभ्यासकांना नीट उपलब्ध झाला. त्यातील ‘वस्त्र’ हा एक शब्द पट्टीच्या इतिहासात मोलाचा आहे: कापड हे शिबिरात ठेवलेले नसून चिकित्सकाच्या हातात तयार आहे.

३. मराठी कागदपत्रांतील जखमी

मराठ्यांच्या इतिहासात जखमी माणूस येतो तो बहुधा हिशेबाच्या वाटेने. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या युद्धानंतर, म्हणजे १६५९ मध्ये, जखमी झालेल्यांना जखमेच्या मानाने पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत द्रव्य दिल्याचा उल्लेख आहे. राज्यकर्त्याने जखमेची प्रतवारी करून तिची भरपाई ठरवावी ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. परंतु ही प्रतवारी जगलेल्यांची आहे. ज्याचे रक्त थांबले तोच होन घेण्यास उभा राहिला; ज्याचे थांबले नाही त्याची गणना दुसऱ्या यादीत झाली. या दोन याद्यांच्या मध्ये जी क्रिया घडली किंवा घडली नाही, ती बखरकाराच्या विषयकक्षेत येत नाही.

४. युरोपातील वाट आणि मेसोपोटेमियातील अनुभव

युरोपात सोळाव्या शतकापर्यंत अवयव कापल्यानंतरचे रक्त डाग देऊन थांबवीत. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रोझ पारे याने डागण्याऐवजी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याचा मार्ग रूढ केला. १७१८ मध्ये पॅरिसच्या झां लुई पती याने मळसूत्राने आवळण्याचे टूर्निकेट, म्हणजे आवळबंध, तयार केले. यापुढे दोन वाटा स्पष्ट झाल्या: अवयवाच्या वरच्या बाजूस आवळून खालचा सगळा रक्तपुरवठा तोडणे ही एक, आणि जखमेवरच दाब देऊन अवयव जिवंत ठेवणे ही दुसरी. पहिली अधिक खात्रीची, पण वेळ वाढला की अवयवाला घातक. दुसरी अवयव राखणारी, पण कौशल्याची.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील कील येथील शल्यवैद्य फ्रीड्रिख एस्मार्क याने सामान्य सैनिकाच्या हाती त्रिकोणी कापड दिले आणि ते कसे बांधावे याची चित्रे त्या कापडावरच छापली. जे काम सुश्रुताच्या परंपरेत खाट, छत व गोफण या नावांनी केले तेच येथे चित्राने केले. बांधणारा शिकलेला वैद्य असेलच असे नाही, हे दोन्हीकडे गृहीत आहे. पुढे ब्रिटिश व हिंदी सैन्यात प्रत्येक शिपायाच्या अंगरख्याला आतून शिवलेल्या खिशात पहिल्या उपचाराचे पुडके आले. जलरोधक वेष्टनात निर्जंतुक घडी, तिला जोडलेली पट्टी व टाचणी असे त्याचे स्वरूप होते. घड्या दोन असत, कारण गोळी एकीकडून शिरून दुसरीकडून बाहेर पडते. शोध उपयुक्त होता. पण त्याची सारी रचना जखमेत घाण व जंतू जाऊ नयेत या विचाराभोवती होती. ते प्रामुख्याने झाकण होते.

या पुडक्याची व त्यामागील व्यवस्थेची परीक्षा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात झाली, आणि तिचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. सहाव्या म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कोकणातील व देशावरील गावांतून आलेले शिपाई त्यांत होते. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळ टेसिफॉन येथे झालेल्या लढाईत या डिव्हिजनचे चार हजारांहून अधिक लोक मृत व जखमी झाले. जखमींना नदीपर्यंत नेण्यासाठी स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्या होत्या. तेथून दाटीवाटीने भरलेल्या बोटींतून बसऱ्यापर्यंतचा प्रवास काही बोटींना जवळजवळ दोन आठवडे पुरला. या बोटींपैकी एकीवरील दृश्य पाहून मेजर कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेला अहवाल वरिष्ठांना रुचला नाही. परंतु चौकशीत त्याचे म्हणणे खरे ठरले आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेसोपोटेमिया कमिशनच्या अहवालाने या हलाखीवर प्रकाश पाडला. मोडलेल्या मांडीला दारूच्या खोक्याच्या लाकडी पट्ट्या बांधल्याचे त्यात वाचावयास मिळते. पट्टी या शब्दाचा हाही एक अर्थ. त्या दिवशी तोच उपलब्ध होता.

या प्रकरणातून निघणारा बोध केवळ अव्यवस्थेचा नाही. पुडके खिशात होते, तरी ते बांधल्यानंतर ढिले पडले का, रक्त पुन्हा झिरपले का, हे पाहणारा हात वाटेत नव्हता. दाब ही एकदा करून सोडून देण्याची क्रिया नसून टिकवून धरण्याची क्रिया आहे. खडखडणाऱ्या गाडीत व बोटीच्या गर्दीत जी टिकत नाही ती पट्टी, कापड कितीही स्वच्छ असले तरी, रणभूमीसाठी अपुरी ठरते.

वेळेचा हाच प्रश्न दुसऱ्या एका मराठी माणसाच्या चरित्रात निराळ्या रूपाने येतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनमध्ये गेले. या पाच जणांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर हेही होते. उत्तर चीनच्या आघाडीवर त्यांच्याआधी काम केलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचा आग्रह असा होता की, जखमीने वैद्याकडे येण्याची वाट न पाहता वैद्याने जखमीकडे गेले पाहिजे. बेथ्यून १९३९ मध्ये मरण पावले. पुढे त्यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा कोटणीसांनी वाहिली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. शस्त्रक्रियेचे मेज आघाडीच्या जवळ नेण्याचा हा विचार मूलतः रक्तस्रावाच्या घड्याळाशी केलेला सामना होता. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीतील मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच प्राण जाऊ शकतो. इतक्या थोड्या वेळात कितीही धाडसी शल्यवैद्य पोचू शकत नाही. तेथे पोचू शकतो तो शेजारचा सैनिक आणि त्याच्या खिशातील पट्टी.

५. निवडीचे आधुनिक निकष

विसाव्या शतकाच्या अखेरीस रणोपचाराचा विचार मुळापासून बदलला. व्हिएतनाम युद्धात केवळ हातापायांच्या रक्तस्रावाने अडीच हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक मरण पावले असावेत, असा अंदाज पुढे आला होता. १९९६ मध्ये अमेरिकी सैन्यातील वैद्यांनी रणांगणावरील उपचारांचा नवा क्रम प्रसिद्ध केला; त्यात हातापायांच्या घातक रक्तस्रावावर आवळबंधाला पुन्हा पहिले स्थान मिळाले. २००१ ते २०११ या काळातील ४,५९६ अमेरिकी सैनिकांच्या मृत्यूंचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार रुग्णालय गाठण्यापूर्वी मरण पावलेल्यांपैकी ९७६ जण वाचविता येण्याजोगे होते आणि त्यांतील सुमारे ९१ टक्के मृत्यू रक्तस्रावाचे होते. या रक्तस्रावांची वाटणी धडात ६७.३, सांधेजागी म्हणजे काख, जांघ व मानेजवळ १९.२, आणि हातापायांत १३.५ टक्के अशी होती.

हे आकडे पट्टीचे कार्यक्षेत्र नेमके आखून देतात. धडाच्या आतील रक्तस्राव बाहेरून बांधून थांबत नाही. तेथे त्वरेने शस्त्रक्रिया हाच मार्ग. हातापायांवर आवळबंध चालतो. काख व जांघ येथे मात्र आवळबंध बांधण्यास जागाच नसते. तेथे जखमेत कापड ठासून भरणे, हाताने दाबणे आणि तो दाब पट्टीने टिकविणे याशिवाय गत्यंतर नाही. सुश्रुतसंहितेने गाढ बंधासाठी सांगितलेल्या सहा स्थानांत काख व जांघ ही दोन्ही आहेत. यावरून आधुनिक शोध प्राचीनांना ज्ञात होते असे म्हणणे हे इतिहासाचे काम नव्हे. शरीराची घडण तीच असल्यामुळे अडचणही तीच आणि तिच्या निरीक्षणाचे फळही जवळपास तेच, एवढेच यातून निष्पन्न होते.

१९९० नंतरच्या दशकात इस्रायली सैन्यातील उपचारक बर्नार्ड बार-नातान याने जी पट्टी सिद्ध केली ती या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. तोवर जुन्या पट्टीने दाब पुरेना तर जखमेवर दगड ठेवून वरून दुसरी पट्टी आवळावी, अशी शिकवण उपचारकांना दिली जात असे. बार-नातानने निर्जंतुक घडी, ताणणारी पट्टी आणि घडीवर बसणारी प्लास्टिकची आडपट्टी एकत्र केली. पट्टी या आडपट्टीत अडकवून उलट दिशेने ओढली की सारा ताण जखमेच्या नेमक्या जागी एकवटतो. अमेरिकी सैन्याच्या जुन्या पाठ्यक्रमातही हा भेद होता: नुसती झाकणारी पट्टी बांधताना गाठ घडीच्या कडेला, आणि दाब देणारी पट्टी बांधताना गाठ जखमेच्या बरोबर वर. सुश्रुताने भरत्या जखमेवर जी गाठ निषिद्ध मानली तीच वाहत्या जखमेवर विहित ठरते. नियम परस्परविरोधी नाहीत. क्रिया दोन आहेत.

यावरून निवडीचे निकष असे ठरतात. पहिला, दाब एकवटण्याची सोय: ताणणारी साधी पट्टी अवयवाभोवती सर्वत्र सारखा दाब देते, त्यामुळे जखमेवर कमी व नको तेथे जास्त दाब पडण्याचा संभव असतो. दुसरा, दाब टिकण्याची खात्री: वाहतुकीत ती सरकता किंवा सुटता कामा नये. तिसरा, एका हाताने व अंधारात बांधता येणे. कारण जखमी पुष्कळदा एकटा असतो व दुसरा हात निकामी असतो. चौथा, रुंदी व लांबी: मांडीला अरुंद पट्टी दोरीसारखी रुतते आणि लांबी कमी पडली तर वेढे अपुरे राहतात. पाचवा, वेष्टन: ते लहान, जलरोधक व भिजलेल्या हाताने फाडता येण्याजोगे असावे. सहावा निकष बांधल्यानंतरचा आहे: पट्टीखालील बोटे गार व निळसर पडली तर ती पट्टी नकळत आवळबंध झाली असे समजावे. कापडाचा प्रकार या यादीत सर्वांत वर येत नाही, हे लक्षणीय आहे.

द्रव्याचा विचार अर्थात अजिबात गौण नाही. २००२-०३ च्या सुमारास जखमेत ओतावयाचे झिओलाइट खनिजाचे कण वापरात आले. ते रक्तातील पाणी शोषून रक्त गोठवीत; पण त्या क्रियेत उष्णता निर्माण होऊन ऊती भाजत, म्हणून ते पुढे मागे पडले. २००८ मध्ये केओलिन म्हणजे चिनी माती बसविलेले जाळीदार कापड अमेरिकी सैन्याच्या रणोपचार समितीने स्वीकारले; केओलिनमुळे रक्त गोठण्याची शरीराचीच साखळी वेगाने सुरू होते. दुसरे द्रव्य कायटोसान. ते कोळंबी व खेकडे यांच्या कवचापासून बनते व भारतातही त्याच्या रक्तस्तंभक पट्ट्या तयार होतात. परंतु यांपैकी कोणतेही कापड जखमेत भरून नुसते सोडून देता येत नाही. भरल्यावर निदान तीन मिनिटे हाताने घट्ट दाबून धरावे लागते व नंतर दाबाची पट्टी बांधावी लागते. चूर्ण, अवपीडन आणि गाढ बंध हा तीन पायऱ्यांचा क्रम येथे पुन्हा समोर येतो. द्रव्ये बदलली, क्रियांचा क्रम तोच राहिला.

६. उपसंहार

पनवेलजवळ कळंबोली येथून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. फौजांची जुनी वाट आता वाहनांची झाली. रक्त मात्र अपघाताच्या रूपाने तिच्यावर अजूनही सांडते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण दिले आहे. तरीही पहिली काही मिनिटे रुग्णवाहिकेची नसतात. ती जवळ उभ्या असलेल्या माणसाची असतात. रणोपचाराचा इतिहास नागरी जीवनास येथे उपयोगी पडतो.

त्या माणसाच्या मनात पट्टी म्हणजे मलमाचे झाकण असेल तर तो जखमेवर रुमाल टाकील, रक्ताने भिजला की तो काढून दुसरा टाकील, आणि गोठू पाहणारे रक्त दर वेळी पुन्हा वाहते करील. पट्टी म्हणजे दाब हे त्याला ठाऊक असेल तर तो मिळेल ते स्वच्छ कापड जखमेत भरील, दोन्ही तळव्यांनी दाबून धरील, पहिली घडी न काढता वर दुसरी बांधील. कापड दोघांचेही एकच असू शकेल. फरक आहे तो समजुतीचा, आणि समजूत शब्दांतून घडते. म्हणून प्रथमोपचाराच्या मराठी पाठांत ‘मलमपट्टी’हून निराळा असा ‘दाबपट्टी’सारखा सोपा शब्द रूढ होणे ही केवळ परिभाषेची बाब नाही. एके काळी ‘अवपीडन’ हा शब्द आणि ‘गाढ’ या शब्दाचा आवळण्याचा अर्थ, हे दोन्ही या भूमीतील वैद्यांपाशी होते. शब्द हरवले तेव्हा क्रियाही हरवली. क्रिया आज परदेशी पुडक्यांतून परत आली आहे; तिला पुन्हा मराठी नाव मिळाले तर ती अधिक हातांत पोचेल.